कोळंबीचे जिवाणुजन्य रोग व त्यांचा बंदोबस्त

कोळंबीच्या बीजनिर्मिती केंद्रांत रात्री दिवे मालवून टाक्यांवर एकदा नजर फिरविण्याची रीत आहे. टाकीतील पाणी काळेभोर दिसले म्हणजे पाहणारा निश्चिंत होतो. परंतु त्या काळोखात निळसर-हिरव्या उजेडाचे बारीक ठिपके हलताना दिसले, तर ती रात्र त्याला जागून काढावी लागते. त्यांतील प्रत्येक ठिपका म्हणजे कोळंबीचे एक आजारी पिलू असते. कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा फुटताना जी चमक दिसते, ती बहुधा नॉक्टिल्यूका नावाच्या एकपेशीय जीवांची असते व ती पाहण्यास लोक मुद्दाम जातात. टाकीतील हा उजेड मात्र जिवाणूंचा असतो. तो दिसू लागल्यावर पुष्कळदा दोनतीन दिवसांच्या आत लाखो पिले तळाशी पांढरट गाळासारखी साचतात.

हा उजेड पाडणाऱ्या जिवाणूचे नाव व्हिब्रिओ हार्वेयी असे आहे. सजीवांच्या प्रकाशाचा आयुष्यभर अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ ई. न्यूटन हार्वे यांच्यावरून ते पडले. ह्याच कुलातील अनेक जिवाणू कोळंबीच्या शेतीस उपद्रव देतात. त्यांचा बंदोबस्त कसा करावा हे समजण्यासाठी प्रथम ते तळ्यात येतात कोठून, हे पाहिले पाहिजे.

खाडीतील शेती

पश्चिम किनाऱ्यावर कोळंबी धरण्याची परंपरा जुनी आहे. गोव्यातील खाजन जमिनींत पावसाळ्यात कोरगुट हे खारे पाणी सोसणारे भात घेतात. भात निघाल्यावर बांधातील दरवाजे, ज्यांस तेथे 'मानस' म्हणतात, भरतीच्या वेळी उघडून खाडीचे पाणी आत घेतात. त्या पाण्याबरोबर मासे व सुंगटे आपोआप येतात आणि तेथेच वाढतात. कोकणातील खारबंदिस्तीच्या उघाडीचे कामही ह्याच धर्तीचे आहे. कारवार आणि कुमठ्याकडेही किनाऱ्यालगत अशीच शेती होत असे. ह्या पद्धतीत उत्पन्न बेताचे. पण कोळंबी विरळ असे, बाहेरून खाद्य टाकावे लागत नसे आणि भरती-ओहोटी तळ्याची सफाई करी. जिवाणू तेव्हाही पाण्यात होतेच. त्यांनी पीक बुडविल्याचे प्रसंग मात्र क्वचितच येत.

पुढे हे चित्र पालटले. जपानी शास्त्रज्ञ मोतोसाकू फुजिनागा यांनी 1934 मध्ये कोळंबीची अंडी बंदिस्त पाण्यात उबवून पिले वाढविण्यात यश मिळविले, आणि खाडीच्या कृपेवर अवलंबून न राहता बीज तयार करण्याचा मार्ग खुला झाला. भारतात 1980 नंतरच्या दशकात वाघी कोळंबीची लागवड झपाट्याने वाढली. 2009 पासून वेनामी ही मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील जात आणण्यास परवानगी मिळाली. आज आंध्र प्रदेश ह्या शेतीत आघाडीवर आहे. महाराष्ट्रात पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या खाड्यांलगत तळी आहेत. वेनामी दाट वस्तीत वाढते. भारतातील नियमांप्रमाणे तिचे बीज एका चौरस मीटरमागे साठापर्यंत सोडता येते. चटईएवढ्या जागेवर साठ जीव चार महिने खातात, विष्ठा टाकतात आणि कात टाकून वाढतात, हे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे रोगाची निम्मी कथा कळून येते.

स्वल्पविरामाच्या आकाराचा शेजारी

व्हिब्रिओ हे जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारखे वाकडे दिसतात व एका शेपटीच्या साहाय्याने चपळपणे पोहतात. पटकीचा जिवाणू ह्याच कुलातला आहे. खाऱ्या व मचूळ पाण्यात त्यांची वस्ती सर्वत्र असते: तळातील चिखलात, शेवाळावर, वनस्पती-प्लवकांवर आणि कोळंबीच्या स्वतःच्या कवचावर व आतड्यातदेखील. कोळंबीचे कवच कायटिन ह्या पदार्थाचे असते आणि कायटिन पचविण्याची शक्ती ह्या जिवाणूंपाशी आहे. म्हणून टाकलेली कात, मेलेले प्लवक, उरलेले खाद्य हे सारे त्यांचे अन्न ठरते. समुद्राच्या अर्थव्यवस्थेत ते सफाईचे उपयुक्त काम करतात, हे विसरता कामा नये. जिवाणूरहित खाडी ही गोष्ट नाही, आणि असती तर तीत कोळंबीही जगली नसती.

मग हा शेजारी शत्रू केव्हा होतो? ह्याचे एक उत्तर उजेडातच सापडते. 1970 मध्ये अमेरिकेतील नील्सन, प्लॅट व हेस्टिंग्ज ह्या संशोधकांनी दाखवून दिले की, समुद्रातील प्रकाशमान जिवाणू एकटे-दुकटे असताना उजेड पाडत नाहीत. प्रत्येक जिवाणू एक रासायनिक द्रव्य पाण्यात सोडत असतो. वस्ती दाट झाली की ते द्रव्य साचते, आणि ठरावीक प्रमाण ओलांडताच सारे एकदम प्रकाशू लागतात. आपली संख्या किती झाली हे जणू ते मोजीत असतात. पुढील अभ्यासात असे आढळले की, व्हिब्रिओ हार्वेयीच्या बाबतीत केवळ प्रकाशच नव्हे, तर विषारी द्रव्यांची निर्मितीही ह्याच मोजणीवर अवलंबून असते. तेव्हा टाकीत उजेड दिसणे म्हणजे जिवाणू नुकतेच आले असे नसून, ते फार झाले असा अर्थ होतो. रोगप्रतिबंधाचे सारे रहस्य ह्या एका वाक्यात आहे: जिवाणूंचे येणे रोखता येत नाही, त्यांची संख्या वाढणे रोखता येते.

कोळंबीचे शरीर ह्या झुंजीत कितपत टिकते? माणूस एकदा देवी येऊन बरा झाला म्हणजे त्याच्या रक्तात त्या रोगाची आठवण प्रतिपिंडांच्या रूपाने राहत असे. कोळंबीच्या रक्तात प्रतिपिंड तयार होत नाहीत. त्यामुळे माणसांना किंवा गुरांना टोचतात तशा लशीचा तिला उपयोग नाही. तिच्या रक्तपेशी जंतूंना गिळतात, त्यांच्याभोवती गाठी बांधतात आणि जखमेच्या जागी काळे रंगद्रव्य साठवून ती बंद करतात. एवढ्याच साधनांवर तिचा निभाव लागतो, आणि प्राणवायू कमी पडला, क्षारता एकाएकी उतरली किंवा कात टाकल्याने अंग मऊ झाले म्हणजे ही साधनेही दुबळी होतात. कोकणात मृगाचा पहिला जोरदार पाऊस तळ्यावर कोसळतो, तेव्हा गोडे पाणी हलके म्हणून वर राहते व तळाचे खारे पाणी कोंडते. अशा पावसानंतरच्या दिवसांत मर वाढलेली दिसली, तर दोष पावसाला देऊन भागत नाही. तळाशी आधीपासून काय साचले होते, हे विचारावे लागते.

रोगांची ओळख

प्रकाशमान रोगाचा उल्लेख वर आला. त्याचा मुख्य घाला बीजकेंद्रांवर पडतो. अंड्यातून निघालेली पिले नॉप्लियस, झोइया व मायसिस ह्या अवस्थांतून जाऊन सुमारे दहाबारा दिवसांत बीजाच्या रूपास येतात. ह्या काळात ती सर्वांत नाजूक असतात. रोगट पिले खाणे सोडतात, पांढरट दिसू लागतात व तळाशी जातात. तळ्यातील मोठ्या कोळंबीस हा रोग झाल्यास ती कडेला सुस्त पडून राहते, आतडे रिकामे दिसते आणि यकृताचे काम करणारी ग्रंथी बिघडते.

कवचावर तपकिरी-काळे खड्डे पडणे, मिशा व शेपटीची टोके झडणे ही कवचरोगाची लक्षणे होत. कायटिन खाणारे जिवाणू ह्यास कारण होतात. कल्ल्यांवर दोऱ्यासारखे जिवाणू वाढून श्वास कोंडण्याचा एक प्रकार आहे. ते कोळंबीच्या अंगात शिरत नाहीत, केवळ घाणेरड्या पाण्यात तिच्यावर घर करतात. हे दोन्ही रोग पाणी सुधारले व कोळंबीने एकदा कात टाकली की पुष्कळदा आपोआप ओसरतात.

सर्वांत भयंकर रोग मात्र अलीकडचा आहे. 2009 च्या सुमारास चीनमध्ये, नंतर व्हिएतनाम, मलेशिया व थायलंड येथे आणि 2013 मध्ये मेक्सिकोत, बीज सोडल्यापासून महिन्याभरातच तळीच्या तळी मरू लागली. विषाणू शोधूनही सापडेना. 2013 मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड लाइटनर यांच्या प्रयोगशाळेने कारण उलगडले: व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा परिचयाचाच जिवाणू, पण एका विशिष्ट वाणाचा. तो कोळंबीच्या जठरात वस्ती करून विष सोडतो. त्या विषाने पचनग्रंथीच्या नळ्यांचे अस्तर सुटून पडते, ग्रंथी आक्रसते व फिकी होते. विषाची ही कृती जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रात नसून प्लास्मिड नावाच्या एका सुट्या वलयावर असते, आणि ते वलय एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. विशेष असे की, किडे मारणाऱ्या एका जमिनीतील जिवाणूच्या विषाशी ह्या विषाचे जवळचे नाते आहे. थायलंडचे कोळंबीचे उत्पादन ह्या रोगाने 2013 मध्ये सुमारे निम्म्यावर आले.

व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हे नाव जपानमधील एका दुःखद घटनेमुळेही प्रसिद्ध आहे. 1950 मध्ये ओसाका येथे शिरासू नावाची बारीक मासळी खाऊन 272 माणसे आजारी पडली व 20 दगावली. त्या वेळी त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी हा जिवाणू प्रथम ओळखला. कोळंबी मारणाऱ्या वाणात माणसास बाधणारी द्रव्ये सहसा आढळत नाहीत, आणि नीट शिजविलेल्या कोळंबीत हे जिवाणू जगत नाहीत. कच्चे व शिजलेले पदार्थ एकाच विळीवर किंवा एकाच भांड्यात घेऊ नयेत, हा घरातील नियम येथेही पुरेसा आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. भारतात 1994-95 पासून ज्या रोगाने वाघी कोळंबीची शेती उद्ध्वस्त केली, तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा होता. विषाणूने अर्धमेली झालेली कोळंबी जिवाणूही शेवटी ग्रासतात. त्यामुळे मेलेल्या कोळंबीत व्हिब्रिओ सापडला एवढ्यावरून तोच मूळ कारण होय असे ठरत नाही. प्रयोगशाळेत टीसीबीएस नावाच्या पोषक थरावर पाण्याचा थेंब पसरून जिवाणूंच्या पिवळ्या व हिरव्या वसाहती मोजतात. हिरव्यांची संख्या चढू लागली तर शेतकरी सावध होतो. ही मोजणी उपयुक्त खरी, पण ती जातीचे नाव सांगत नाही; त्यासाठी जनुकीय तपासणीच लागते.

औषध का हरते

आजार म्हटला की औषध, ही माणसाची स्वाभाविक सवय आहे, आणि 1980 ते 2000 ह्या काळात आशियातील बीजकेंद्रांत प्रतिजैविके सर्रास वापरली गेली. त्याचे फळ काय मिळाले, ह्याचे एक बोलके उदाहरण कर्नाटकात घडले. मंगळूरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय तेव्हा बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा भाग होते. तेथील इंद्राणी करुणासागर, इड्ड्या करुणासागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बीजकेंद्रातील वाघी कोळंबीच्या पिलांच्या मोठ्या मृत्यूचा तपास केला व 1994 मध्ये तो प्रसिद्ध केला. मारणारा जिवाणू व्हिब्रिओ हार्वेयी होता, आणि क्लोरॅम्फेनिकॉल, एरिथ्रोमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन व कोट्रायमोक्साझोल ह्या औषधांना तो दाद देत नव्हता. त्यांच्याच पुढील संशोधनात असे दिसून आले की, हा जिवाणू सिमेंट, प्लॅस्टिक व पोलाद यांच्या पृष्ठभागावर बुळबुळीत थर बांधून राहतो, आणि त्या थरातील जिवाणू मोकळ्या जिवाणूंपेक्षा क्लोरीनलाही चिवटपणे तोंड देतात. म्हणजे टाकी रिकामी करून नवे पाणी भरले, तरी जुना शत्रू भिंतीवर वाट पाहत बसलेला असतो.

औषध हरण्याची कारणे थोडा विचार केला तर सहज ध्यानात येतात. तळ्यात औषध खाद्यातून द्यावे लागते. आणि आजारी कोळंबी सर्वांत आधी जी गोष्ट सोडते, ती म्हणजे खाणे. त्यामुळे औषध पोचते ते निरोगी कोळंबीस. उरलेले खाद्य पाण्यात विरघळते. त्या सौम्य मात्रेने निरुपद्रवी, औषधाला बळी पडणारे जिवाणू मरतात आणि प्रतिकार करणारे उरतात; ज्यांच्याशी अन्नासाठी झगडावे लागे ते प्रतिस्पर्धी नाहीसे झाल्याने त्यांना रान मोकळे मिळते. प्रतिकाराची कृती बहुधा त्या सुट्या वलयांवरच असते, आणि ती वलये माणसाच्या रोगजंतूंपर्यंतही जाऊ शकतात.

ही गोष्ट केवळ किनाऱ्यावरच्या लोकांची राहत नाही. बंगळूरच्या कोरमंगला वस्तीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पण तेथील उपाहारगृहांच्या ताटात कोळंबी असते, आणि ती कोठल्या तळ्यात कशी वाढली हे खाणाऱ्यास कळण्याचा मार्ग नसतो. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे काही माणसांच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होण्याचे थांबते, म्हणून अन्नात त्याचा अंशही चालत नाही. 2001-02 च्या सुमारास युरोपीय देशांनी आशियातून आलेल्या कोळंबीत हे अंश पकडले व माल परत पाठविला. त्यानंतर भारतातही क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान इत्यादी औषधे कोळंबीच्या शेतीत वापरण्यास मनाई झाली.

बंदोबस्ताचे उपाय

मग करावे काय? पहिला उपाय सर्वांत जुना आहे, तो म्हणजे ऊन. पीक काढल्यावर तळे पूर्ण रिकामे करून जमिनीस भेगा पडेपर्यंत वाळवितात, काळा दुर्गंधीयुक्त गाळ काढून टाकतात व चुना पसरून जमीन नांगरतात. त्या काळ्या गाळात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो, आणि व्हिब्रिओंचा खरा कोठार तोच. दोन पिकांमध्ये घाई करून हे काम टाळणारा शेतकरी पुढच्या पिकात त्याची किंमत मोजतो.

दुसरी गोष्ट बीजाची. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास बीज पुष्कळदा पूर्व किनाऱ्यावरून आणावे लागते, आणि बीजाबरोबर रोगही प्रवास करतो. वेनामीची मातृकोळंबी रोगमुक्त म्हणून प्रमाणित झालेल्या साठ्यातूनच आणतात, व ती चेन्नईजवळ नीलांकरै येथील विलगीकरण केंद्रात तपासून मगच बीजकेंद्रांस देतात. बीजकेंद्रात अंडी व नॉप्लियस स्वच्छ पाण्याने धुणे, पाणी गाळून निर्जंतुक करणे आणि टाक्यांच्या भिंती घासून पूर्ण वाळविणे ही रोजची शिस्त आहे. पिलांना खाऊ घालतात तो आर्टेमियाही व्हिब्रिओंचा वाहक असतो, म्हणून तोही धुऊनच द्यावा लागतो.

येथे नवख्या माणसाची एक चूक होते. पाणी जितके निर्जंतुक तितके चांगले, असे समजून तो क्लोरीन टाकतो व लगेच बीज सोडतो. पण निर्जंतुक पाणी हे नांगरून मोकळ्या टाकलेल्या जमिनीसारखे असते. तेथे पहिल्याने तण उगवते. व्हिब्रिओ हे जिवाणुसृष्टीतील तणच होय. रिकाम्या जागेत त्याच्याइतक्या वेगाने फार थोडे जिवाणू वाढतात. म्हणून क्लोरीन दिलेले पाणी काही दिवस मुरू देऊन, त्यात हिरवे प्लवक व निरुपद्रवी जिवाणू नांदू लागल्यावरच बीज सोडावे. फिलिपीन्समध्ये 1990 नंतरच्या दशकात शेतकऱ्यांनी ह्याच तत्त्वावर 'हिरव्या पाण्याची' पद्धत बसविली: तिलापिया मासे वाढविलेल्या तळ्यातील हिरवे पाणी कोळंबीस दिले असता प्रकाशमान व्हिब्रिओंची संख्या कमी राहते. बॅसिलस जातीचे उपयुक्त जिवाणू पाण्यात सोडणे, काकवी घालून जिवाणू-शेवाळाचे पुंजके वाढविणे, हे अलीकडचे प्रकारही त्याच विचाराचे. बाजारात मिळणाऱ्या अशा प्रत्येक पुडीत लेबलावर लिहिलेले असतेच असे मात्र नाही.

तिसरी गोष्ट खाद्याची, आणि बहुतेक तळ्यांचे भवितव्य येथे ठरते. तळ्यात दोरीने सोडलेल्या ताटल्या दोनेक तासांनी वर काढून खाद्य उरले की संपले हे पाहतात. उरले असेल तर पुढचे खाद्य कमी करावयाचे. पण पिकाची वाढ मंदावलेली पाहून शेतकऱ्याचा हात उलट सैल होतो, आणि न खाल्लेला प्रत्येक दाणा जिवाणूंच्या मुखी जातो. पाण्यातील विरघळलेला प्राणवायू लिटरमागे चार मिलिग्रॅमांखाली जाऊ देऊ नये. तो पहाटे सर्वांत कमी असतो, म्हणून चाकांचे पंखे मुख्यतः रात्रीच चालवावे लागतात. वीज गेली तर डिझेलचे यंत्र तयार असावे, हा खर्च टाळून कोणी श्रीमंत झालेला नाही.

जिवाणूंना खाणारे विषाणू, ज्यांचा शोध ट्वॉर्ट यांनी 1915 मध्ये व देरेल यांनी 1917 मध्ये लावला, ते आता ह्या कामी लावण्याचा यत्न होत आहे. मंगळूरच्याच संशोधकांनी व्हिब्रिओ हार्वेयीला मारणारे असे विषाणू खाडीच्या पाण्यातून वेगळे काढले. बीजकेंद्रातील त्यांच्या प्रयोगांत, प्रतिजैविके दिलेल्या टाक्यांपेक्षा ह्या विषाणूंच्या टाक्यांत अधिक पिले वाचली. हा विषाणू आपला एकच शत्रू ओळखतो व बाकीच्या जिवाणूंना हात लावत नाही, हा त्याचा गुण. एका वाणावर चालणारा विषाणू दुसऱ्यावर चालेलच असे नाही, ही त्याची मर्यादा.

एवढे करूनही रोग आलाच, तर पहिली गोष्ट म्हणजे उघाडी बंद करणे. घाबरलेला शेतकरी आजारी तळ्याचे पाणी ओहोटीबरोबर खाडीत सोडून देतो आणि तेच पाणी पुढच्या भरतीला शेजाऱ्याच्या तळ्यात शिरते. चार दिवसांनी शेजाऱ्याचेही पाणी खाडीत येते व फिरून पहिल्याच्या दारी पोचते. मेलेली कोळंबी काढून चुन्यासह खोल पुरावी, तळ्यातील पाणी ब्लीचिंग पावडर टाकून काही दिवस कोंडून ठेवावे, त्या तळ्यातील जाळी व बादल्या दुसरीकडे नेऊ नयेत, आणि खाडीवरील सर्व शेजाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे, म्हणजे त्यांस आपापल्या उघाड्या वेळेवर लावून घेता येतील.